डाख देण्याच्या लोखंडाची कुळकथा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा मजकडे लेख मागितला, तेव्हा आपल्या तांबट घराण्यांपैकी एखाद्याचा इतिहास लिहावा अशी त्यांची सूचना होती. घराण्यांचे इतिहास या पानांतून पूर्वी पुष्कळ येऊन गेले आहेत, व ते लिहिणारे मजपेक्षा सर्वार्थाने अधिकारी होते. म्हणून मी घराण्याचा नव्हे, तर एका हत्याराचा इतिहास लिहिण्याची परवानगी मागून घेतली. हे हत्यार म्हणजे डाख देण्याचे लोखंड. माझ्या आजोबांच्या हाती ते कोळशाच्या शेगडीत तापत असे, वडिलांच्या हाती ते विजेवर तापू लागले, आणि आज माझा नातू जे वापरतो त्यात तापणारी तार डोळ्यांना दिसतही नाही. एकाच घरातील तीन माणसांचे हे तीन अनुभव. परंतु त्यांच्यामागे सव्वाशे वर्षांची एक मोठी खटपट आहे, आणि त्या खटपटीत आमच्या वडिलांचे व माझे एक भांडणही गुंतलेले आहे. ते यथाक्रम येईलच.

प्रथम नावाविषयी थोडेसे. ज्याला आपण लोखंड म्हणतो त्याचे कामाचे टोक लोखंडाचे नसतेच. ते तांब्याचे असते. याचे कारण आपल्या घरांत निराळे सांगावयास नको. तांबे लोखंडाच्या सुमारे पाचपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि कथील तांब्याला जितक्या आवडीने धरते तितके ते दुसऱ्या फारच थोड्या धातूंना धरते. भांड्याला कल्हई लागते ती याच प्रेमामुळे. डाख म्हणजे तरी काय, कथील आणि शिसे यांचे मिश्रणच. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ अंशांना. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे एकत्र केले असता ते मिश्रण १८३ अंशांनाच, म्हणजे दोघांच्याही आधी, पाणी होते. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इ. स. च्या पहिल्या शतकात दोन भाग शिसे व एक भाग कथील यांच्या मिश्रणाने नळ जोडीत असल्याचे लिहून ठेविले आहे. तेव्हा डाख फार जुना. नवीन आहे ती केवळ त्याला तापविण्याची तऱ्हा.

कसबा पेठेतील तांबट आळीत माझे आजोबा मठारकाम करीत. मोठ्या भांड्याचा सांधा ते पितळेच्या चुऱ्याने व टाकणखाराने भट्टीतच झाळीत. तेथे या लोखंडाचे काम नसे. परंतु चिमणीचा कंदील, तेलाचा पोहरा, पत्र्याचे माप अशी किरकोळ डागडुजी दारावर येई. तीसाठी लोखंडी दांड्याला लाकडी मूठ व पुढे तांब्याचा टोकदार ठोकळा अशी दोन हत्यारे शेगडीत असावयाची. एक कामात, दुसरे निखाऱ्यात. ठोकळ्याभोवतीच्या ज्वालेला हिरवट झाक आली की तो तापला असे समजावे. मग तो नवसागराच्या खड्यावर घासून त्याचे टोक पांढरेशुभ्र करावे आणि गालापासून वीतभर अंतरावर धरून ऊब पाहावी. फार तापला तर टोकावरची कल्हई जळून ते काळे पडते व डाख धरीत नाही. कमी तापला तर डाख शिरासारखा ओढला जातो आणि सांधा वरवर लागल्यासारखा दिसून आतून सुटा राहतो. या दोहोंमधील अंतर गालालाच ठाऊक. पुढील सर्व इतिहास म्हणजे, त्या गालाचे काम यंत्राने कसे करावे, याचाच शोध होय, असे माझे मत आहे.

विजेने लोखंड तापविण्याची कल्पना वीज घरोघरी पोहोचण्याच्या आधीपासूनची. अमेरिकेत डेट्रॉइट शहरी १८९४ साली अमेरिकन इलेक्ट्रिकल हीटर कंपनी निघाली. ‘अमेरिकन ब्यूटी’ या नावाने तिची डाखाची लोखंडे पुढे नावारूपास आली. या आरंभीच्या कारागिरांपुढे खरी अडचण तारेची होती. तारेतून वीज जाऊ लागली की ती तापते, हे सर्वांस माहीत होते. परंतु लाल होईपर्यंत तापवून वर्षानुवर्षे टिकेल अशी तार मिळेना. लोखंडी तार हवेत लवकरच जळून भुगा होई, आणि प्लॅटिनमची तार घ्यावी तर हत्याराची किंमत दागिन्याची होई. हा प्रश्न आल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने सोडविला. निकेल ८० भाग व क्रोमियम २० भाग अशा मिश्रधातूस त्याला १९०६ साली पेटंट मिळाले. आज आपण तिला नायक्रोम म्हणतो. तापली असता या तारेवर क्रोमियमच्या गंजाचा एक पातळ, घट्ट थर बसतो आणि तोच तिला पुढे जळू देत नाही. आपल्या घरातील इस्त्री, शेगडी, पाणी तापविण्याची कांडी, ही सर्व त्या एका तारेची लेकरे आहेत.

जर्मनीत एर्न्स्ट झाक्स याने १९२१ साली बर्लिन येथे कारखाना काढून विजेची लोखंडे मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून पडलेले ‘एर्सा’ हे नाव अद्यापि चालू आहे. पत्र्याच्या जाड कामासाठी हातोडीच्या आकाराची, दोनशे–तीनशे वॅटची लोखंडे, आणि बारीक कामासाठी पेन्सिलीसारखी सरळ, असे दोन वंश तेव्हापासूनच वेगळे झालेले दिसतात.

आता या साध्या लोखंडाची अंतर्रचना पाहू; कारण बाजारात अद्यापि सर्वांत स्वस्त मिळते ते हेच. मध्यभागी एक पातळ नळी. तिच्यावर अभ्रकाचा पापुद्रा गुंडाळलेला. त्यावर नायक्रोमच्या तारेचे वेढे. त्यावर पुन्हा अभ्रक. आणि सर्वांवर पोलादी कवच. नळीत तांब्याची कांडी सरकवून ती एका स्क्रूने आवळतात. मागे हाताला चटका बसू नये म्हणून लाकडाची किंवा बेकेलाइटची मूठ. अभ्रकाची योजना मोठी मार्मिक आहे: हा खनिज पापुद्रा उष्णतेला दाद देत नाही, वाकविता येतो, आणि विजेला मात्र अडवून धरतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २५ वॅटच्या लोखंडातील तारेचा रोध सुमारे २,१०० ओहम असावा लागतो. तार अर्ध्या दशांश मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाएवढी, घेतली तरी ती पावणेचार मीटर लांब लागते. पावणेचार मीटर केस बोटभर नळीवर, एक वेढा दुसऱ्याला न शिवता गुंडाळावयाचा! ज्या कोणी कामगारांनी हे काम प्रथम हातांनी केले असेल त्यांना माझा दंडवत.

या रचनेत एक खोट आहे. तार बाहेर आणि तांबे आत असल्यामुळे बरीचशी उष्णता कवचावाटे हवेत जाते. म्हणून पुढे काही कारखानदारांनी हाच क्रम उलटा केला: बारीक तापककांडी आत आणि तांब्याचे पोकळ टोक तिच्यावर टोपीसारखे चढविलेले. इंग्लंडातील अँटेक्स कंपनीची लोखंडे या जातीची. उष्णतेला बाहेर पडावयाचे तर टोकातूनच जावे लागते. त्यामुळे १५–२० वॅटचे चिमुकले लोखंडही जुन्या ३० वॅटच्या तोडीचे काम करते.

अभ्रकावरून एक जुनी गोष्ट आठवली. आमचे वडील तरुणपणी पुण्यातील एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उमेदवारी करीत होते. घरातील ऐरण सोडून ते तिकडे गेले याबद्दल आजोबा काही दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, असे आजी सांगे. त्या दुकानातील लोखंडाला दोनच तारा होत्या; जमिनीशी जोडावयाची तिसरी तार मालकाने काटकसर म्हणून लावलीच नव्हती. एका पावसाळ्यात अभ्रकाला ओल धरली, वीज कवचात उतरली, आणि एका हाती रेडिओचा पत्रा व दुसऱ्या हाती लोखंड अशा स्थितीत वडील बसल्या जागेवरून फेकले गेले. प्राण वाचले ते केवळ स्टूल मोडल्यामुळे हात सुटला म्हणून. त्यानंतर तिसरी तार पाहिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात लोखंड हाती धरले नाही. ट्रान्झिस्टर आल्यावर या तिसऱ्या तारेची गरज अधिकच वाढली. कारण माणसाला जाणवणारही नाही इतकी थोडी गळती त्या इवल्या तुकड्याला मारावयास पुरेशी होते.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची दुसरी अडचण म्हणजे वाट पाहणे. लोखंड तापावयास पाच मिनिटे, सांधा लावावयास तीन सेकंद. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील ईस्टन गावी कार्ल वेलर नावाचा एक रेडिओ दुरुस्तीकार होता. त्याने या त्रासाला कंटाळून एक अगदी निराळी रचना शोधली. १९४१ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९४५ साली स्वतःचा कारखाना काढला व १९४६ साली पेटंट हाती आले. याच्या हत्यारात नायक्रोम नाही, अभ्रकाची नळी नाही. पिस्तुलासारख्या मुठीत एक ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे पहिले वेटोळे शेकडो वेढ्यांचे, आणि दुसरे केवळ एका जाड तांब्याच्या वेढ्याचे. या दुसऱ्या वेढ्याची दोन टोके मुठीबाहेर काढून त्यांना बारीक तांब्याच्या तारेचा फासा जोडलेला. घोडा दाबताच त्या फाशातून एका व्होल्टहूनही कमी दाबाने शंभरावर अँपिअर प्रवाह धावतो आणि टोक स्वतःच, आतल्या आत, काही सेकंदांत तापते. घोडा सोडला की निवते. ज्याला दिवसातून दहाच सांधे लावावयाचे त्याला हे वरदानच. मात्र हत्यार जड, आणि फाशाचे पेच जरा सैल झाले की सगळी उष्णता टोकाऐवजी त्या पेचातच निर्माण होऊ लागते. दिवसाकाठी हजार सांधे लावणाऱ्या कारखान्यात ते चालले नाही.

कारखान्यांचा प्रश्न निराळा होता आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ठाण्याच्या मर्फी कारखान्यासारख्या ठिकाणी एकेका रेडिओत शेकडो सांधे असत. साध्या विजेच्या लोखंडाला आपण किती तापलो आहोत याची जाणीव नसते. जितकी वीज येते तितकीच उष्णता हवेत जाऊ लागेपर्यंत ते तापत राहते. स्टँडवर स्वस्थ पडले की टोक चारशे अंशांच्या वर चढते, आणि कामाला लावले की झपाट्याने उतरते. आजोबांचा गाल येथे निकामी झाला होता. कारण शेगडीतून काढलेला ठोकळा निवतच जातो, पण विजेचे लोखंड हाती असतानाही तापतच राहते. त्यात आणखी एक गंमत. वितळलेले कथील तांब्याला केवळ धरत नाही, ते त्याला खाते. फाजील तापलेले टोक काही दिवसांत खड्डे पडून वाकडे होई व कामगार ते कानशीने घाशीत बसे. यावर इंग्लंडातील मल्टिकोअर कंपनीने मोठी चतुर युक्ती काढली: डाखातच दीड टक्का तांबे आधीच मिसळून ठेविले, म्हणजे कथिलाची भूक भागलेली राहील. ‘सॅव्हबिट’ हे त्या डाखाचे नाव. दुसरा उपाय अधिक टिकाऊ ठरला, तो म्हणजे तांब्याच्या टोकावर लोखंडाचा मुलामा. कथील लोखंडाला फार सावकाश खाते. म्हणजे ज्या हत्याराला आपण उगीचच लोखंड म्हणत होतो ते अखेर बाहेरून तरी खरोखर लोखंडाचे झाले! परंतु असे टोक कानशीने घासू नये. मुलामा गेला की आतले तांबे आठवड्यात खलास होते. जुन्या कारागिरांनी सवयीने कानस चालवून कितीतरी महागडी टोके वाया घालविली. त्यांत आमचे तीर्थरूपही होते.

टोकाच्या उष्णतेला लगाम घालण्याचे काम पुढे वेलरच्याच कंपनीने जे केले, त्याला माझ्या मते या कुळकथेत मानाचे पान द्यावयास हवे. चुंबकाने ओढले जाणारे धातू एका ठराविक उष्णतेला पोहोचले की त्यांचे चुंबकत्व एकाएकी नाहीसे होते. प्येर क्यूरी याने १८९५ सालच्या आपल्या प्रबंधात याचा अभ्यास मांडला होता. शुद्ध लोखंडाची ही मर्यादा ७७० अंश. मिश्रधातू करून ती हवी तेथे आणता येते. वेलरच्या ‘मॅग्नास्टॅट’ लोखंडात टोकाच्या मागील बाजूस अशा मिश्रधातूची लहानशी गोटी बसविलेली असते. तिच्यामागे सरकत्या दांडीवर एक चुंबक. टोक थंड असता चुंबक गोटीकडे ओढला जातो, त्यासरशी विजेचा खटका लागतो आणि टोक तापू लागते. ठरलेली उष्णता आली की गोटी चुंबकाला ओळखेनाशी होते, स्प्रिंग त्याला मागे खेचते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि वीज बंद. टोक बदलले की उष्णताही बदलते: ६ आकड्याचे टोक सुमारे ३१५ अंश, ७ चे ३७०, ८ चे ४२५. हे आकडे मुळात फॅरनहाइटचे शेकडे आहेत. ना घड्याळ, ना दिवा, ना ट्रान्झिस्टर. धातूच्या स्वभावानेच धातूला आवरलेले. आजोबांनी हे पाहिले असते तर त्यांना ते तत्काळ समजले असते, असे मला नेहमी वाटते.

नंतरच्या रचना आपण भरभर पाहू. टोकाजवळ उष्णतामापक जोड बसवून त्याच्या इशाऱ्यावर वीज कमीजास्त करणारी पेटी आली. तिलाच कारागीर सोल्डरिंग स्टेशन म्हणतात. नायक्रोमच्या जागी चिनी मातीच्या जातीच्या, ॲल्युमिनाच्या कांड्या आल्या. या कांडीत टंगस्टनची रेघ छापून ती भट्टीत एकजीव भाजतात. ही कांडी झटकन तापते, परंतु टोक झटकण्यासाठी टेबलावर आपटण्याची सवय असलेल्याच्या हाती ती तडकते. पुढे तापक, मापक आणि टोक ही तिन्ही एकाच नळीत बंद करून विकू लागले. अमेरिकेत १९८२ साली स्थापन झालेल्या मेटकाल कंपनीने क्यूरीचेच तत्त्व पुन्हा उचलले, पण खटका काढून टाकला. टोकाच्या तांब्यावर चुंबकीय मिश्रधातूचा पातळ थर, भोवती वेटोळे, आणि त्यात सेकंदास एक कोटी पस्तीस लाख साठ हजार वेळा उलटसुलट होणारा प्रवाह. इतका चपळ प्रवाह धातूच्या कातडीतूनच वाहतो, म्हणून तो बाहेरचा थर तापतो. ठरलेल्या उष्णतेला थराचे चुंबकत्व गेले की प्रवाह आतल्या तांब्यात उतरतो, तेथे त्याला रोध नाही, आणि तापणे आपोआप मंदावते. सांधा उष्णता ओढू लागला की टोक क्षणात पुन्हा जागे होते.

युरोपीय देशांनी १ जुलै २००६ पासून नव्या विद्युत उपकरणांत शिशाला बहुतांशी बंदी केली. शिसेविरहित डाख २१७ अंशांच्या पुढे वितळतो, म्हणून या चपळ लोखंडांची गरज आणखी वाढली. शिसे आपल्याकडील बाकांवर अजूनही आहे. ज्या घरांत मुले शेजारी बसून काम पाहतात तेथे डाख हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय कोणी अन्नाला शिवू नये, एवढे येथे सांगून ठेवतो.

आता ते भांडण. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी हौसेने आकडे दाखविणारी ५० वॅटची पेटी विकत आणली. वडिलांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात, पण डोळा व हात शाबूत. त्यांना ती पेटी आवडली नाही. “तुझ्या पेटीला सगळे कळते, मग तू कशाला बसलास?” असे ते म्हणत. मी म्हणे, “नाना, तुमच्या अंदाजाने किती टोके जळली ते आठवा.” यावर ते गप्प बसत, कारण ते खरे होते. लगाम नसलेल्या लोखंडाने किती पट्ट्या करपल्या, किती नाजूक भाग मेले, याचा हिशेब त्यांच्याच वहीत होता. मी जिंकलो असे मला वाटले.

त्याच सुमारास ज्ञातीतील एका घरचा जुना, दिव्यांचा रेडिओ दुरुस्तीसाठी आला. त्याच्या पोलादी पत्र्याला जमिनीची जाड तार पुन्हा डाखावयाची होती. मी बारीक टोक लावून पेटीवर ३५० आकडा घातला. टोक पत्र्याला लावले की डाख लापशीसारखा होई आणि थिजे. ४०० केले, ४५० केले. राळ जळून धूर झाला, पेटीचा आकडा जागचा हलला नाही, आणि सांधा बोटाने ओढताच निघून हातात आला. नाना बराच वेळ खुर्चीवरून पाहत होते.

“अरे, हा दिवा टोकाची ऊब सांगतो,” ते म्हणाले, “पत्र्याची नाही.”

मग त्यांनी फळीवरचे जुने, तिसरी तार असलेले, १२५ वॅटचे लोखंड काढावयास लावले. अंगठ्याएवढे जाड, कानशीने घासून आखूड झालेले तांब्याचे टोक. ते तापल्यावर त्यांनी नवसागराचा खडा मागितला नाही. राळेत बुडवून, टोकाला डाख चोपडून, ओल्या फडक्यावर पुसले. नंतर ते गालाजवळ नेले, थोडे थांबले, आणि टोकाची धार नव्हे तर सपाट बाजू पत्र्यावर दाबून धरली. पाच-सहा सेकंद काहीच झाले नाही. नंतर डाख पत्र्यावर पाण्यासारखा पसरला, तारेच्या पिळांत शिरला आणि चकचकीत झाला. तार हलू नये म्हणून तो निवेपर्यंत त्यांनी चिमटा सोडला नाही.

पेटी अद्याप माझ्या बाकावर आहे व नातू तीच वापरतो. जाड कामासाठी शेजारी १२५ वॅटचे लोखंड टांगलेले असते. त्याला नवी मूठ बसविली आहे, टोक मात्र तेच आहे.